निवडक जोडपराक्रम

मुलुंडला तिरोडकरांच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या पलीकडे बोरीवली आहे आणि बोरीवलीला निधी आहे. म्हणजे मधे काय, तर एक जंगल आणि त्यातले बिबटे, बस्स. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा धोंडू तिरोडकरांनी स्वतःची समजूत अशीच घातली होती. "शेजारीच तर दिली," असं ते लोकांना सांगत आणि बोटाने डोंगर दाखवत. लोकही मान डोलवत. बिबट्याला ती वाट खरोखरच जवळची आहे. माणसाला मात्र घोडबंदरवरून वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा पुरा होईतो एखाद्या बुवांचा पूर्वरंग, उत्तररंग आणि आरती उरकून श्रोते घरी पानावर बसलेले असतात.

तिरोडकर वेळ मोजायचे ती अशीच. औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात उभी हयात गेली, पण त्यांचा जीव राहिला तो देवळामागच्या कीर्तनाच्या हॉलमध्ये, पुढून दुसऱ्या रांगेत, खांबाला टेकून. कुठल्या बुवांचा आवाज कधी बसतो, कोण निरूपणात रमून आख्यानाला वेळच ठेवत नाही, कोणाची झांज चांगली पण कथा पातळ, हे सगळं त्यांना पाठ. बायको शकुंतला म्हणायची, "देवाक जेवढा ठावक नसात तेवढा ह्यांका ठावक."

तर एका सकाळी निधीचा फोन आला. जावई हर्षदला कंपनी मेलबर्नला पाठवत होती, निदान तीन-चार वर्षांसाठी, आणि पुढच्या रविवारी दोघांचं विमान होतं.

"मेलबर्न," तिरोडकर म्हणाले आणि सवयीने डोंगराकडे बघितलं. त्या दिशेला मेलबर्न नव्हतं.

"बाबा, ऐकतोयस ना? माझी जोडपराक्रमची पुस्तकं आहेत ना रे अजून? दिली नाहीस ना रद्दीत?"

"छे! रद्दीत कशाला देईन?"

"सगळी नाही नेता येणार. आईने मसालेच एवढे दिलेत ना, की बॅगेत एका पुस्तकापुरती जागा उरलीय. एकच. कुठलं नेऊ तेच कळत नाहीये. तू निवड. तुलाच माहितीय त्यातलं चांगलं काय ते."

फोन ठेवून तिरोडकर खुर्चीत बसले. लेक परदेशी चालली याचं दुःख फार मोठं होतं, ते त्यांनी जरा बाजूला सारलं आणि त्यातल्या त्यात आटोक्यातली गोष्ट हातात घेतली. एकच पुस्तक. पण कुठलं?

आता ज्यांनी 'जोडपराक्रम' वाचला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. निधी लहान असताना स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर दर महिन्याला हा जाडजूड अंक यायचा. कागद पावाच्या पिशवीचा, रंग ओळीबाहेर सांडलेले, आणि मुखपृष्ठावर दोन महावीर. एकेकटे महावीर पुरेनासे झाले म्हणून प्रकाशकाने त्यांच्या जोड्या लावायला सुरुवात केली होती. या महिन्यात कातळवीर आणि धूरकन्या, पुढच्या महिन्यात गगनघार आणि पोलादी पाणबुड्या. गगनघार आकाशात उडणार, पाणबुड्या पाण्याखाली राहणार; त्यांची भेट कुठे व्हायची, याचा विचार कुणी केलेला नसायचा. एका अंकात पाच कथा, पाचांचे लेखक वेगळे, चित्रकार वेगळे. त्यातली एखादी अशी उतरलेली असायची की वाचताना घास हातात राहावा, आणि तिच्या लगेच पुढची अशी, की धूरकन्येच्या एका हाताला सहा बोटं आणि कातळवीर पहिल्या पानावर मेलेला, तिसऱ्या पानावर चहा पितोय. सगळ्या कथांचा साचा मात्र एकच. दोन वीर भेटणार, गैरसमजातून एकमेकांना बदडणार, मग गैरसमज फिटून तिसऱ्यालाच बदडणार.

संध्याकाळी निधीला मांडीवर घेऊन तिरोडकर हे अंक मोठ्याने वाचत. चांगली कथा असली की ते पोथी वाचावी तशी वाचत, अक्षर न अक्षर, काना-मात्रा न सोडता. वाईट कथा आली की कशीबशी रेटत. जीभ अडखळली की पदरचे चार शब्द घालत, आणि पोरगी मांडीवरून उठून जाऊ नये म्हणून कथा एकदाची पैलतीराला लावत. वाईट कथा ते वाचत नसत, निभावून नेत.

म्हणूनच त्यांना दुपारपर्यंत उपाय सुचला. एक अंक निवडायचाच नाही! सगळ्या अंकांमधल्या उत्तम कथा काढायच्या आणि त्यांचं एक पुस्तक बांधायचं. अठरा पुराणांतून बुवा जसं नेमकं आख्यान काढतात, तसं. नाव ठरलं: 'निवडक जोडपराक्रम'. सोनेरी अक्षरांत.

"आणि पेटारो खय आसा?" शकुंतलेने विचारलं.

अंकांचा तो पेटारा सोसायटीच्या पंपरूममध्ये होता. निधीच्या लग्नात घरात पाहुण्यांना जागा करायची म्हणून तो खाली नेऊन ठेवला होता, आणि त्यानंतर वर आणायला कुणाचे हात धजले नव्हते. पंपरूमची किल्ली सेक्रेटरी माधुरी वहिनींकडे. माधुरी वहिनींनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "काका, तुमच्यासाठी मी जीव देईन. पण सामाईक जागेतली वस्तू बाहेर काढायला अर्ज लागतो. मागच्या सभेत ठराव झालाय. तुम्हीच अनुमोदन दिलं होतंत."

दिलं होतं खरं. पहिल्या मजल्यावरच्या माणसाची मोडकी सायकल काढायला लावण्यासाठी तिरोडकरांनी त्या सभेत अक्षरशः हात उंचावून अनुमोदन दिलं होतं. आता गुमान खाली बसून त्यांनी अर्ज लिहिला. वस्तूचं वर्णन: पुस्तके. संख्या: पेटारा एक. बाहेर नेण्याचं कारण या रकान्यापाशी पेन थांबलं. 'वाचनासाठी' लिहिलं, खोडलं. 'बाइंडिंगसाठी' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, 'मुलगी जाते आहे.'

माधुरी वहिनींनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि किल्ली हातावर ठेवली. वर म्हणाल्या, "शिक्का नंतर मारते."

पेटारा उघडला आणि पंपरूमच्या ओलीचा वास सगळ्या जिन्यात पसरला. इथून पुढे ते काम तिरोडकरांचं राहिलं नाही, इमारतीचं झालं. आपल्याकडे एखादा माणूस एकटा पुस्तक वाचत बसला तर त्याला कुणी विचारत नाही, पण तो पुस्तकं निवडायला बसला की प्रत्येकाला मत असतं.

पहिलं मत अंबादासचं. अंबादास शेजारच्या घरात राहायचा. मूळ जालन्याकडचा, भांडुपच्या कारखान्यात युनियनचा माणूस, आता निवृत्त, आणि दर रविवारी विहारात पोरांना वाचायला शिकवणारा. तिरोडकरांची आणि त्याची दोस्ती अशी, की दोघांना एकमेकांचं एकही मत पटत नसे आणि एकमेकांवाचून चहाही पित नसत. अंबादासने चष्मा चढवला, एक अंक वाचला आणि मांडीवर आपटला.

"धोंड्या, ह्यात त्या खेकडासुराचं काय चुकलं, सांग मला."

"अरे, तो राक्षस आहे!"

"राक्षस कशावरून? त्याच्या खाडीत ह्यांनी गटार सोडलं. तो शहरात आला जाब विचारायला. तर ह्या तुझ्या कातळ्यानं आणि धुराच्या बाईनं त्याचं म्हणणं न ऐकता त्याला हाणला. ही चांगली कथा?"

"चित्रं बघ ना किती सुरेख आहेत."

"चित्रं सुरेख म्हणून अन्याय पास करायचा का? ही वाईटात टाक."

"ही उत्तमात उत्तम आहे, अंबा! शेवटी कातळवीर पूल खांद्यावर घेतो, ते पान बघ. माझ्या अंगावर काटा यायचा."

"तुझ्या अंगावर कशानंही काटा येतो. त्या बुवानं खोकलं तरी येतो. आणि हे दर वेळी आधी आपसात का भांडतात रे? पानं भरायला?"

"तो पूर्वरंग आहे," तिरोडकर गंभीरपणे म्हणाले.

दुसरं मत माधुरी वहिनींचं. शिक्का मारायला म्हणून त्या आल्या, आणि 'तपासणीसाठी' म्हणून एक अंक घेऊन गेल्या. संध्याकाळी मागायला गेलं तर दाराआडून उत्तर आलं, "काका, गगनघार पाण्यात पडलाय. आता नाही देता येणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत दिला, पण सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, 'पाणबुड्या की गगनघार? मत द्या.' त्यावर पाणी कपातीच्या सूचनेपेक्षा जास्त उत्तरं आली. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी सुचवलं की सगळ्याच कथा स्कॅन करून पेनड्राइव्हवर द्याव्यात, वजन शून्य. तिरोडकरांना ते लागलं. आयुष्यभर प्रत्यक्ष कीर्तन ऐकलेल्या माणसाला कुणी म्हणावं की बुवांची रेकॉर्ड लावा, तसं. त्यांनी ग्रुपवर उत्तर दिलं, 'पेनड्राइव्ह उशाशी घेऊन झोपता येत नाही.' मग ते उत्तर आपल्याबद्दल फारच सांगून गेलं असं वाटून त्यांनी ते पुसलं. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

मतं ऐकून घेतली, तरी निवड तिरोडकरांनी स्वतःच्याच मनाने केली. दुपारभर ते घरच्या हॉलमध्ये फतकल मारून बसत, कथा वाचत आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत. मांडी रिकामी आहे हे त्यांच्या मधेच लक्षात येई. मग ते उगीच मांडीवर उशी घेत. "पाठ दुखता," असं न विचारता शकुंतलेला सांगत.

खरी पंचाईत तिसऱ्या दिवशी उघडी पडली. अंक छापणाऱ्याने कागद वाचवला होता. चांगल्या कथेचं शेवटचं पान आणि तिच्या पुढच्या वाईट कथेचं पहिलं पान, हा एकाच कागदाच्या दोन बाजूंचा मामला. एक फाडावं तर दुसरं सोबत येणारच. तिरोडकर तो कागद उन्हात धरून बसले. इकडून कातळवीर पूल उचलतोय, आणि त्याच्या पाठीतून पलीकडची सहा बोटांची धूरकन्या अंधुक दिसते आहे.

"झेरॉक्स नावाची वस्तू निघालीय," अंबादास म्हणाला.

"वाईटाची झेरॉक्स कशाला? त्याचं पहिलं पान गेलं तरी कोणाचं काय जातंय?"

आणि मग चांगल्या कथा संपूर्ण आणि वाईट कथा शेंडी कापलेल्या, असे दोन गठ्ठे झाले. वाईट गठ्ठ्याला सुतळी. चांगल्या गठ्ठ्याला काय बांधायचं? तिरोडकरांनी कपाटातून लाल फडक्याचं बासन काढलं. वडील गिरणीत होते तेव्हा त्यांची पोथी त्यात असायची. पोथी झिजून गेली, बासन राहिलं. त्यात त्यांनी निवडक जोडपराक्रम चारी टोकं दुमडून नीट गुंडाळले. तो गुरुवार होता. शकुंतला पूजा उरकून उठली, चौरंगावर लाल बासन दिसलं, आणि हाताने वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यावर हळदकुंकू वाहून एक झेंडूचं फूल ठेवलं. मग तिला आत काय आहे ते आठवलं. पण वाहिलेलं पुसायचं कसं? राहू दिलं.

बाइंडर मिळाला घाटकोपरला. रतन नाव. हल्ली दुकानात असले बाइंडर उरले नाहीत, सगळे प्लास्टिकच्या रिंगा घालतात; रतन अजून दोऱ्याने शिवतो, अशी खबर कीर्तनाच्या हॉलमधल्या पेटीवाल्याने दिली होती. फोनवर रतन म्हणाला, "पुस्तक आणून ठेवा काका, शनिवारी सकाळी घेऊन जा. आणि घरात जुना रद्दी कागद असला तर आणा. कण्याला आतून चिकटवायला लागतो." तिरोडकरांना हा दैवी न्याय वाटला. वाईट कथा तेवढ्याच कामाच्या होत्या.

ते दोन्ही गठ्ठे घेऊन गेले तर रतन नैवेद्य घेऊन देवळात गेलेला. दुकानाला जाळी ओढलेली. शेजारच्या रंगाच्या दुकानदाराने गठ्ठे ठेवून घेतले. तिरोडकरांनी चिठ्ठी लिहिली: 'मरून रेक्झिन. सोनेरी अक्षरे: निवडक जोडपराक्रम. खाली: चि. निधीस. उरेल ते आपल्या कामास वापरावे.' कुठला गठ्ठा बांधायचा आणि कुठला वापरायचा, हे त्यांनी लिहिलं नाही. लिहायचं काय त्यात? एक लाल बासनात, हळदकुंकू लावलेला, दुसरा सुतळीत. शाळेत न गेलेल्यालाही कळावं.

शनिवारी सकाळी रतनने दुकानाच्या फळीवरून वस्तू दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवली. काय देखणं काम! मरून रेक्झिन, गोल कणा, अक्षरं तर अशी की देवळाच्या कळसावर लावावीत. तिरोडकरांचे डोळे भरून आले. त्यांनी पहिलं पान उघडलं.

धूरकन्या. सहा बोटं.

त्यांनी घाईघाईने मधलं पान उघडलं. मेलेला कातळवीर चहा पीत होता.

"हे... हे कसलं बांधलंत?"

"तुम्ही दिलेलं, काका."

"आणि लाल फडक्यातलं?"

रतनच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने वर बोट केलं. दुकानाच्या कोपऱ्यात देव्हारा होता, आणि देव्हाऱ्यात, गणपतीच्या शेजारी, लाल बासन जसंच्या तसं होतं. झेंडूचं फूल बदललेलं, पुढे उदबत्ती. "तुम्ही पोथी विसरून गेलात ना घाईत. मी बघितलं, हळदकुंकू वाहिलेलं. मी पोथीला ब्लेड लावत नाही काका. वडिलांनी शिकवलंय. खाली पण नाही ठेवली. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ उदबत्ती केली. काळजी नको."

रतनच्या जागी तिरोडकर असते तर त्यांनीही हेच केलं असतं. फार तर एक आरती जास्त म्हटली असती. रागवावं असा एकच माणूस त्या दुकानात होता आणि तो गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा होता.

"पुन्हा बांधायला किती वेळ लागेल?"

"दोन दिवस. सरस वाळायला नको का?"

विमान दुसऱ्या दिवशी होतं.

रिक्षाने घाटकोपरहून निघून ते डोंगराला वळसा घालत बोरीवलीला पोचले, तेव्हा एका मांडीवर मरून पुस्तक आणि दुसऱ्यावर उदबत्तीच्या वासाचं बासन होतं. वाटेत अंबादासचा फोन आला. सगळं ऐकून तो बराच वेळ हसत राहिला, मग एकदम थांबून म्हणाला, "धोंड्या, लाल गठ्ठाच दे ना तसाच."

"सुटी पानं आहेत रे. बॅगेत चोळामोळा होईल. आणि तिला मी पुस्तक म्हणालोय."

"मग दोन्ही दे."

"एकाचीच जागा आहे, अंबा." हे वाक्य ते जरा मोठ्यानेच म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. तिरोडकरांनी त्याला रस्त्याकडे बघायची खूण केली.

निधीच्या घरी हॉलभर उघड्या बॅगा. हर्षद वजनकाट्यावर बॅग धरून स्वतः उभा राही, मग बॅग ठेवून उभा राही आणि वजाबाकी करी. शकुंतला दुपारपासूनच येऊन मसाल्याच्या पिशव्यांना दुसरी पिशवी घालत होती. तिरोडकरांना वाटलं होतं की आधी खुलासा करावा, बाइंडरची चूक, बासन, सगळं. पण निधीने हातातून पुस्तक ओढूनच घेतलं.

"चि. निधीस! बाबा, सोनेरी?" तिने उघडलं. तिरोडकरांनी नजर पंख्याकडे वळवली.

"अय्या! सहा बोटांची!" निधी किंचाळली. "हर्षद, इकडे ये, बघ ना! ही बघ धूरकन्या! आणि हा, हा मेला होता ना, मग चहा... बाबा, तू हीच निवडलीस?"

"हां," तिरोडकर म्हणाले.

"मला वाटलं होतं तू त्या पुलाबिलाच्या घेशील, भारी भारी चित्रांच्या. तुला कसं कळलं रे मला ह्याच हव्यात?"

पोर बापाचं मन राखते आहे, तिरोडकरांना वाटलं. आपण काय नेऊन दिलंय ते तिला कळलंय आणि ती पांघरूण घालते आहे. एवढ्या वर्षांच्या रसिकतेचा हा निकाल. ते म्हणाले, "पहिली पानं तेवढी नाहीत," आणि बासन काखेत आणखी घट्ट धरलं. त्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही. लाल फडकं काखेत असलेला तिरोडकर हे काही नवं दृश्य नव्हतं.

निघताना निधी जिन्यापर्यंत आली. "विमानतळावर नको येऊस हां बाबा. मला रडायला येईल."

"मी कशाला येतोय? उद्या कीर्तन आहे."

कीर्तन होतं. ते दुसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसले होते. बुवांनी काय सांगितलं, विचारू नका. हॉलवरून विमान गेलं की तिरोडकर वर बघत, आणि मुंबईत विमानांना काय तोटा!

मग दिवस गेले. बासन देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात गेलं. ते उघडून वाचावं असं कैकदा मनात आलं, पण चांगल्या कथा वाचायला समोर ऐकणारं कुणी लागतं. गॅलरीत ते उभे राहत, समोर डोंगर असे. पलीकडे आता आपलं कुणी नाही हे डोंगराला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. तो आपला तसाच मधे उभा.

एका रविवारी सकाळी फोन वाजला. पडद्यावर निधी, मागे अनोळखी खिडकी, हातात मरून पुस्तक.

"बाबा, तुझ्या त्या बाइंडरने पानं खाल्लीत."

"पहिली पानं ना? म्हणालो होतो मी तुला. ती..."

"पहिली नाही रे, मधली! रोज रात्री एक कथा वाचते मी. खेकडासुराच्या भावाची आहे ना? त्यात मारामारी झाल्यावर खेकडासुराची आई येते ना पेज घेऊन? आणि सगळ्यांना म्हणते, आधी जेवा, मग भांडा. आणि कातळवीर दगडी हाताने पेज पितो तर वाटी फुटते. ते पानच नाहीये. आणि तिचं ते गाणं? लेकराला हाका मारते ते, समुद्राकाठी उभी राहून? सगळं पुस्तक चाळलं मी. ते तर कुठेच नाही."

तिरोडकर बुचकळ्यात पडले. खेकडासुराची आई? असली आई त्यांना कुठल्याच गठ्ठ्यात आठवेना. "थांब हां," म्हणून त्यांनी बासन सोडलं, पानं उलटली. पूल होता, गगनघार होता. आई नव्हती.

"इकडेही नाही गो बाय. कुठल्या अंकातली म्हणतेस?"

स्वयंपाकघरातून शकुंतलेचा आवाज आला. "काय शोधतात ओ तिथे? ती पेज तुम्हीच घालायचात."

"मी?"

"मग कोण? कथा रटाळ झाली आणि पोर चुळबुळ करूक लागली की तुमची ती म्हातारी यायची. कधी पेज घेऊन, कधी आंबोळी घेऊन. माका इथे हसू आवरायचा नाय. चांगली कथा असली की मेले तुम्ही पोथी वाचल्यासारखे वाचायचात, आणि पोर पाच मिनिटांत झोपायची."

तिरोडकरांनी हातातल्या पानाकडे बघितलं. पानावर कातळवीर पूल खांद्यावर घेऊन उभा होता, अतिशय सुरेख.

"बाबा? काय म्हणतेय आई? ऐकू नाही आलं."

"काही नाही," ते म्हणाले. "पानं सापडली म्हणते. इकडेच राहिलीत, आमच्याकडे."

"मग फोटो काढून पाठव ना."

"फोटो नीट यायचा नाही त्यांचा." तिरोडकर जमिनीवर बसले, मांडी घातली. शकुंतलेने गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "वाचूनच दाखवतो. बसलीस ना नीट?"

"बसले."

बासन त्यांनी चारी टोकं दुमडून पुन्हा बांधून ठेवलं. घसा साफ केला. आणि मग वाचायला सोपं जावं म्हणून चष्मा काढून बाजूला ठेवला.